ओल

कॉन्व्हेंटमध्ये ‘कॅपिलरी ॲक्शन’ पाठ केली होती. पण ‘ओल’ म्हणजे काय ते कळलं पोशीरला, आजीच्या घरी! २२ जुलै २०२१. त्या दिवशी महाड, चिपळूण बुडालं, हे सगळ्यांना आठवतं. पूर आमच्या कर्जत तालुक्यातही आला होता. घरात पाणी गुडघाभर, पण भिंतीवर ओल चढली कमरेपर्यंत. विटा पाणी वर ओढतात ना!

आधी मेन स्विच बंद, मग गाळ. तो ओला असतानाच काढायचा, नाहीतर दगड होतो. खरा वाद पुढेच! गणपती १० सप्टेंबरला. बाबा म्हणाले, “ऑइल पेंट मारून टाकू. बाप्पाला काय पोपड्यांत बसवायचं?” आजी म्हणाली, “थांब रे, भितीच्या पोटात पानी हाय. ते भायेर येऊ दे.”

शेवटी तह झाला. ओटी रंगवली, माजघर खरवडून तसंच ठेवलं. दिवाळीला ओटीवर पोपडे आणि पांढरा लोणा! आतलं पाणी विटांमधले क्षार घेऊन बाहेर येतं; ऑइल पेंट त्याची वाट अडवतो. माजघर मात्र वारा खाऊन सुकलं. मग चुना मारला, तो अजून टिकलाय.

मित्रांनो, उद्या साइटवर आपल्यालाही तारीख गाठायची घाई असेल. रंगाआधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवा आणि एक-दोन दिवस थांबा. आतून थेंब दिसले, तर रंगाचा डबा उघडूच नका!