येईन हं!

आमची भाची सुमी जळगावला कॉलेजच्या वसतिगृहात राहते. गेल्या चंपाषष्ठीला तिच्या मैत्रिणींच्या मंडळाने भरीत-भाकरीचा स्टॉल मांडला. कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी आणि कळण्याची भाकरी म्हटल्यावर खानदेशात गिऱ्हाइकांची काय वाण! गल्ला भरला, आणि मुलींनी तो सगळाच्या सगळा धुळ्याच्या एका बालगृहाला द्यायचे ठरवले. घरच्यांनीच मारलेली, टाकलेली मुले तिथे राहतात. मी धुळ्याची, म्हणून पाहुणीचा मान मला!

ठेवणीतले पातळ नेसून मी गेले. देणगी देऊन झाली. मी सुमीला म्हटले, "मुलांना पुढे बसव, पेपरात फोटो देऊ." एका चिमुरडीने झटकन ताट तोंडासमोर धरले. अधीक्षिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "फोटो नको, ताई. या मुलांची ओळख छापायला २०१५ च्या बालन्याय कायद्याने बंदी आहे."

मी ओशाळले. मला कायदा ठाऊक नव्हता. पण त्या पोरीला तरी कुठे ठाऊक होता? आपले दुःख चव्हाट्यावर येऊ नये, एवढे मात्र तिला कळत होते.

निघताना तीच पोर पदराशी आली. "माय, परत येशी का?"

"येईन हं!" मी म्हटले. मोठी माणसे म्हणतात तसे.

एस. टी. स्टँडवर सुमी म्हणाली, "मावशी, जायचे नव्हते तर येईन कशाला म्हणालीस?"

मला उत्तर सुचेना. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधकगृह काढले. पुढे तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी मुलगा म्हणून पदरात घेतले. एवढे मोठे काळीज माझे नाही, हे कबूल. पण महिन्यातला एक शनिवार? तो तर माझ्याजवळ होता!

रीतसर परवानगी काढून आता मी दर महिन्याला जाते. वेण्या घालते, गोष्टी सांगते. शेजारी कुठे मुलाचे हाल होत असतील तर १०९८ हा नंबर फिरवायचा, हेही तिथेच शिकले.

गेल्या खेपेला अर्धा तास उशीर झाला. पोर कमरेवर हात ठेवून दारातच उभी. "परत येशी का?" असे तिने विचारले नाही. रागावून एवढेच म्हणाली, "उशीर का?"

इतकी गोड बोलणी मी आजवर खाल्ली नव्हती.