फाटक कायमचं बंद असू नये

अमली पदार्थांच्या कारणावरून नौदलानं घरी पाठवलेल्या माणसाला अणुवीज केंद्राच्या फाटकाच्या आत घेऊच नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. आज ते मत राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंही आता इथल्या सैन्यात जाऊ लागली आहेत, आणि एखाद्यावर अशी वेळ आली की सगळं घर गप्प होतं. त्या घरांसाठी माझं मत कसं बदललं ते लिहितो आहे.

मी अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग सुरक्षा विभागात आहे. लहानपण तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत गेलं. वडील तिथे पाळीवर असत. सकाळची पाळी असली की लग्नाच्या पंगतीतूनही ते लवकर उठत. यजमान रागावले तरी चालेल, पण झोप पुरी झाली पाहिजे. ताज्या डोक्यानं कामावर जाणं हा आमच्या घरात शिस्तीचा नव्हे, नीतीचा भाग होता. माझं जुनं मत तिथून आलं होतं, आणि त्याला इथल्या इतिहासाचा आधारही होता.

अमेरिकेत अणुवीज आणि नौदल यांची नाळ एकच. ॲडमिरल रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली १९५४ मध्ये ‘नॉटिलस’ ही अणुशक्तीवरची पाणबुडी पाण्यात उतरली, आणि १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातलं शिपिंगपोर्टचं वीज केंद्र त्यांच्याच देखरेखीखाली सुरू झालं. तेव्हापासून नौदलाच्या अणुभट्ट्यांवर तयार झालेली माणसं वीज केंद्रांत येत राहिली आहेत. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या वीज केंद्रात अपघात झाला तेव्हा कंट्रोल रूममधले ऑपरेटरही नौदलातूनच आलेले होते. नौदलाशी सहा वर्षांचा करार, त्यात आधी वर्गातलं कठीण शिक्षण, मग खऱ्या भट्टीवर सराव. एवढं करून बाहेर पडलेल्या मुलाला नोकरी शोधावी लागत नाही, नोकरीच त्याला शोधत येते.

त्याच नौदलात अमली पदार्थांना अजिबात माफी नाही, आणि त्यामागे कारण आहे. मे १९८१ मध्ये ‘निमिट्झ’ या विमानवाहू जहाजावर उतरताना एक विमान कोसळलं आणि १४ जण गेले. मृतांपैकी डेकवरच्या काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. अपघाताला तेच कारण होतं का, यावर वाद झाला. पण त्यानंतर नौदलानं धोरण कडक केलं ते कायमचं. मला ते तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. समुद्राखाली महिनोन्‌महिने असलेल्या पाणबुडीत बदली माणूस मिळत नाही.

आमच्या स्नेह्यांचा मुलगा या नौदलात अणुभट्टीच्या शाखेत गेला, तेव्हा गणेशोत्सवात मंडळानं त्याचं कौतुक केलं होतं. भट्टीवरच्या सरावाच्या काळात त्याची लघवीची चाचणी गांजासाठी पॉझिटिव्ह आली. थोड्याच महिन्यांत तो घरी आला. ‘अदर दॅन ऑनरेबल’ असा डिस्चार्ज, म्हणजे कोर्ट-मार्शल न करता देता येणारा सगळ्यात वाईट शेरा. कॉलेजच्या फीसाठी सैनिकांना मिळणारी सरकारी मदतही त्यासोबत गेली. आईवडील कार्यक्रमांना येईनासे झाले. मुलाबद्दल विचारलं तर ‘तो आता दुसरं काही बघतोय’ एवढंच सांगत.

एका रविवारी त्याच्या आईनं, म्हणजे वहिनींनी, बोलावलं. जेवणाच्या टेबलावर त्याचा सेवामुक्तीचा दाखला पसरलेला होता. इथे त्याला डीडी-२१४ म्हणतात. या दाखल्याच्या दोन तऱ्हेच्या प्रती हातात पडतात. एका प्रतीत तळाची माहिती, म्हणजे सेवा कशी संपली आणि का संपली, गाळलेली असते. दुसऱ्या प्रतीत ती पूर्ण असते. त्याच्या पूर्ण प्रतीवर गैरवर्तन आणि अमली पदार्थ असं स्पष्ट छापलं होतं.

“भाऊजी, ही छोटी प्रत जोडली तर नाही का चालणार?” वहिनींनी विचारलं.

मुलगा खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “काका, मला भट्टीचंच काम येतं, आणि तेच आवडतं. खरं लिहिलं तर घेतील का?”

‘नाही घेणार आणि घेऊही नये,’ हे माझ्या ओठांवर होतं. ते बोललो नाही, कारण समोर बसलेल्या मुलाला नियम वाचल्याशिवाय नाही म्हणणं मला पटेना. नियम वाचून सांगतो, असं म्हणून उठलो.

अणू नियामक आयोगाच्या नियमावलीतला भाग २६, म्हणजे ‘फिटनेस फॉर ड्यूटी’, आम्हा सगळ्यांना लागू आहे. तो १९८९ मध्ये आला आणि २००८ मध्ये नव्यानं लिहिला गेला. कामगार म्हणून तो मला चांगला ठाऊक होता. कधीही फोन येतो आणि हातातलं काम सोडून चाचणीला जावं लागतं. खिसे रिकामे करायचे, कमोडमधलं पाणी निळं केलेलं, आणि नमुना दिल्यावर ४ मिनिटांच्या आत त्याचं तापमान पाहिलं जातं. यात साहेब आणि फरशी पुसणारा एकाच रांगेत असतात. पण बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं की नाही हे ठरवण्याची कलमं मी त्या मुलासाठी पहिल्यांदाच बारकाईनं वाचली.

त्या नियमात काय आहे पाहा. आत काम करणाऱ्या माणसाची चाचणी पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली तर किमान १४ दिवस प्रवेश बंद. मग तज्ज्ञाकडून तपासणी, गरज असेल तर उपचार, आणि परत घेतलंच तर ३ वर्षांत किमान १५ अचानक चाचण्या. दुसऱ्यांदा आली तर ५ वर्षं बंद. कंपनीला याहून कडक राहण्याची मुभा आहे, आणि पुष्कळ कंपन्या पहिल्याच वेळी कामावरून काढतात. पण जो माणूस चाचणीला फसवतो, नमुना बदलतो किंवा द्यायला नकार देतो, त्याला प्रवेश कायमचा नाकारला जातो. तिथे दुसरी संधी नाही.

यावर मी बरेच दिवस विचार केला. नियम लिहिणाऱ्यांना गांजाचं कौतुक नव्हतं. तरीही त्यांनी लपवाछपवीला नशेपेक्षा मोठा गुन्हा मानलं, आणि आमच्या धंद्यात ते बरोबरच आहे. मीटरवरचा आकडा चुकीचा लिहिला गेला आणि लिहिणाऱ्यानं लगेच सांगितलं, तर आम्ही तो दुरुस्त करू शकतो. झाकलेला आकडा मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर येतो. आतल्या माणसाला नियम परतीची वाट देतो, आणि विशीत बाहेर चुकलेल्या मुलाला मी आयुष्यभर दाराबाहेर ठेवायला निघालो होतो. यामुळे भट्टी अधिक सुरक्षित कशी होते, याचं उत्तर मला माझ्याकडे सापडलं नाही.

दुसरी गोष्ट पीच बॉटमची. १९८७ मध्ये आयोगानं पेनसिल्व्हेनियातलं ते केंद्र बंद करायला लावलं, कारण ऑपरेटर ड्यूटीवर झोपत होते. ते रीतसर परवानाधारक होते. माणूस आत येताना तपासला की काम संपलं, हा भरवसा तिथे तुटला. आज आम्हाला शेजाऱ्याच्या वागण्यातला बदल वेळीच कळवायला शिकवतात, आणि २४ तासांत १६ तासांहून जास्त काम करू देत नाहीत. सुरक्षितता या रोजच्या नजरेवर उभी आहे. जुन्या दाखल्यावरचा शेरा महत्त्वाचा असतो, पण तो माणूस आज कसा आहे हे त्यावरून कळत नाही.

मी मुलाला सांगितलं, पूर्ण प्रत जोड आणि सगळं लिही. अर्जात गेल्या ५ वर्षांतला अमली पदार्थांचा संबंध स्वतःहून सांगावा लागतो, आणि सैन्यातून कोणत्या कारणानं बाहेर पडला हेही तपासलं जातं. लपवलेलं सापडणारच, आणि एका केंद्रानं प्रवेश नाकारला की दुसऱ्या केंद्रालाही ते दिसतं. वहिनींना माझं म्हणणं आवडलं नाही.

पहिल्या कंपनीनं नकार दिला. मग तो पंप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. स्वतःच्या खर्चानं समुपदेशकाकडे जात राहिला, चाचण्यांचे कागद जपून ठेवले. पुढे वसंतातल्या आउटेजसाठी एका कॉन्ट्रॅक्टरनं त्याचा अर्ज घेतला. इंधन बदलायला भट्टी थांबते तेव्हा केंद्रात शेकड्यांनी तात्पुरती माणसं लागतात. तज्ज्ञानं त्याला तपासलं, कागद पाहिले, अचानक चाचण्यांची अट घातली, आणि प्रवेश मिळाला. काम मिळालं ते शेवटच्या पायरीवरचं: दूषित हत्यारं पुसायची, फरशा पुसायच्या, पिवळ्या पिशव्या बांधायच्या. आता तो किरणोत्सर्ग सुरक्षेत ज्युनियर टेक्निशियन आहे. माझ्या केंद्रात नाही. मी शिफारस केली नाही, आणि त्यानंही मागितली नाही.

काही बाबतींत मी पूर्वीइतकाच कडक आहे. कंट्रोल रूममधला परवाना याहून फार पुढची पायरी आहे, आणि तिथे घाई नको. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या फाटकावर तो चालत नाही, आणि चालूही नये. ज्याला तो सोडायचा नसेल त्यानं हे क्षेत्र सोडावं.

असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात असेल तर त्यांना गप्प बसवू नका आणि अर्धा कागद पुढे करू नका. पूर्ण डीडी-२१४ सांभाळून ठेवा. डिस्चार्जचा शेरा बदलून मागण्यासाठी पुनर्विचार मंडळाकडे १५ वर्षांच्या आत अर्ज करता येतो, तो करा. समुपदेशनाची आणि चाचण्यांची प्रत्येक चिठ्ठी तारखेसह फाइलला लावा. सुरुवात आउटेजच्या कामापासून होईल, तर तीही घ्या. आणि या क्षेत्रात माझ्यासारखे जे मराठी लोक आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे, की असा अर्ज समोर आला तर नाही म्हणण्याआधी तो पूर्ण वाचा.