आण्णांचे कान आणि आमचा डीजे



गेल्या पावसाळ्यापर्यंत आमच्या घरात एक वाक्य रोज म्हटले जायचे, "आण्णा ऐकतच नाहीत." आण्णा म्हणजे आमचे वडील. वय ६४. सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागावर ३१ वर्षे काम केले. हाक मारली की ओ देत नाहीत, टीव्हीचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो, एक विचारले की दुसरेच उत्तर देतात. आई चिडायची, आम्हीही चिडायचो. रविवारी विहारात जाणारा माणूस वंदनेला जाईनासा झाला, तेव्हा आम्ही म्हणालो, "वय झालं, आता कंटाळा करतात."

आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले आहे. वंचितता आणि बहिष्करण या विषयांवर गावोगाव शिबिरे घेतो. आणि आमच्याच घरातला माणूस चार लोकांतून हळूहळू बाहेर पडतो आहे, हे आम्हांला दोन वर्षे दिसले नाही. ही कबुली आधी दिली पाहिजे, कारण पुढे जे लिहिणार आहोत त्यात दुसऱ्यांवर टीका आहे.

या दोन वर्षांत उपाय झाले नाहीत असे नाही. एका नातेवाइकाने मागच्या जन्माचे भोग काढले. दुसऱ्याने लसूण घालून गरम केलेले तेल कानात सोडायला लावले. एका दुकानदाराने कान न तपासता चार हजारांचे यंत्र विकले. ते लावले की आण्णांना भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा लागायचा. यंत्र कपाटात गेले. पूर्वजन्म, घरगुती तोडगे आणि बाजार या तिन्ही वाटांनी आम्ही फिरलो. बुद्धाने शिकवलेली साधी गोष्ट मात्र केली नाही, ती म्हणजे कारण शोधणे. कारण शोधायचे तर तपासणी करावी लागते.

शेवटी एका सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात गेलो. या तपासणीची आमच्या वस्तीत विनाकारण भीती आहे. कुणी म्हणते कानात सुई घालतात, कुणी म्हणते शॉक देतात. म्हणून तिथे काय होते ते क्रमाने सांगतो.

आधी तयारी. तपासणीच्या आदल्या दिवसापासून मोठ्या आवाजात थांबायचे नाही, कारण गोंगाटाने कान काही तास सुन्न होतो आणि निकाल खोटा येतो. मोठी सर्दी असेल तर तारीख पुढे घ्यावी. चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने कागद सोबत न्यावेत. क्षयरोगासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन किंवा तशी इंजेक्शने झाली असतील तर ते आवर्जून सांगावे. त्या गटातली काही औषधे आतल्या कानाला इजा करतात, आणि क्षयरोग आपल्या वस्त्यांना नवा नाही.

पहिले काम प्रश्नोत्तरांचे. काम काय केले, किती वर्षे, कान वाहतो का, कानात शिट्टी वाजल्यासारखे होते का, चक्कर येते का. आण्णा म्हणाले, "मॅडम, आवाज येतो, शब्द येत नाही." ऑडिओलॉजिस्ट ताईंनी मान हलवली आणि ते तसेच लिहून घेतले. आम्ही दोन वर्षांत त्यांना एकदाही विचारले नव्हते की नेमके काय होते.

मग छोट्या दुर्बिणीसारख्या बॅटरीने कानात पाहतात. मळ असेल तर आधी काढतात. पडद्याला भोक आहे का ते दिसते. त्यानंतर आवाज न शिरणाऱ्या लहानशा खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन लावतात. एकेका कानात बारीक सूर सोडतात. कितीही हळू ऐकू आला तरी बोट वर करायचे किंवा बटण दाबायचे. साधारण २५० हर्ट्झच्या जाड सुरापासून ८,००० हर्ट्झच्या बारीक सुरापर्यंत प्रत्येक पट्टीत सर्वांत हळू कुठला आवाज कळतो, हे नोंदवतात. इथे पास-नापास नसते. अंदाजाने बोट वर करायचे नाही आणि "इतका हळू असेल तर कशाला सांगू" असेही करायचे नाही.

नंतर कानामागच्या हाडावर एक लहान कंपक लावतात. त्यामुळे आवाज पडदा टाळून थेट आतल्या कानात जातो. हाडातून चांगले ऐकू आले आणि हेडफोनमधून कमी, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो. मळ, फाटलेला पडदा, वाहणारा कान. त्यावर पुष्कळदा औषध किंवा शस्त्रक्रिया असते. दोन्हींतून सारखेच कमी आले, तर इजा आतल्या कानात किंवा नसेत. मध्येच एका कानात नुसती सरसर सोडतात, ती दुसऱ्या कानाने चोरून मदत करू नये म्हणून. घाबरू नये.

मग शब्द. ताई एकेक शब्द बोलतात, आपण तो परत म्हणायचा. "सात" म्हटले, आण्णा म्हणाले "हात". स, श, फ, ख ही बारीक अक्षरे आधी जातात, जाड स्वर राहतात. म्हणून हाक ऐकू येते आणि वाक्य कळत नाही. घरच्यांना वाटते, माणूस मुद्दाम करतो. ही चाचणी आपल्या भाषेत होणे हा आपला हक्क आहे. आमच्या गल्लीत तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे आहेत. त्यांच्या आजीला प्रमाण मराठीतले शब्द वाचून दाखवले तर चूक कानाची की भाषेची, हे कसे कळणार? ताईंनी आम्हांला आधी विचारले होते, "घरी काय बोलता?" कुणी विचारले नाही तर आपण सांगावे.

शेवटी कानात रबरी बोंडी घालून हवेचा हलका दाब कमी-जास्त करतात. विमानात किंवा घाटात दडा बसतो तसे वाटते. पडदा आणि मधला कान हलतो का, ते त्यावरून कळते. तान्ह्या बाळांना बोट वर करता येत नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. ओएई चाचणीत कानाचा प्रतिसाद यंत्रच टिपते, बेरा चाचणीत डोक्याला तारा चिकटवून नसेचा प्रतिसाद पाहतात. त्यांतही दुखत नाही. आमचे सगळे तासाभरात आटोपले.

निकाल एका आलेखावर येतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. रेघ जितकी खाली उतरते तितके ऐकणे कमी. आण्णांची रेघ बारीक सुरांकडे जाताना ४,००० हर्ट्झपाशी दरीसारखी खाली गेली होती. ताई म्हणाल्या, "वयाचा भाग आहेच, पण हा खड्डा बहुतेक गोंगाटाचा आहे. काका कारखान्यात होते ना?"

मित्रहो, त्या खड्ड्याला इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होतो म्हणत. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. पुढच्या पिढ्यांना माग मिळाला. पण माग मिळाला तेव्हा सोबत धोट्याचा खडखडाट मिळाला, कानात घालायचे बोळे मिळाले नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणारे बहिरेपण हा नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार म्हणून होता. भरपाईच्या कायद्यातही त्याला जागा आहे. आण्णांच्या ३१ वर्षांत एकदाही कुणी त्यांचे कान तपासले नाहीत. हजेरीपटावरच नाव धड नव्हते, तिथे आजार कुठे नोंदणार?

धर्मसूत्रांच्या काळात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली होती. गौतम धर्मसूत्रात ती आहे. आज कुणाला काही ओतावे लागत नाही. स्वस्त मजूर मागापुढे उभा केला की तीस वर्षांत काम होते.

इथपर्यंतचा लेख लिहिणे आम्हांला सोपे होते. यात दोषी दुसरे आहेत.

पण आण्णांची तपासणी संपल्यावर ताई आमच्याकडे वळल्या. "दादा, तुम्ही मघापासून दोनदा 'काय?' म्हणालात. तुमचीही करू या का?" आम्ही हसलो आणि खोलीत जाऊन बसलो. आमचे वय ३६. कारखान्याची पायरी चढलेलो नाही. आमच्या आलेखावरही ४,००० हर्ट्झपाशी खड्डा निघाला. आण्णांच्याइतका खोल नाही, पण जागा तीच.

"फटाके, बंदूक, मशीन, काही?" ताईंनी विचारले. आम्ही म्हणालो, "जयंती."

आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत आम्ही पंधरा वर्षे डीजेच्या भिंतीसमोर उभे राहिलो आहोत. वर्गणी आम्हीच गोळा केली, बेसची संख्या आम्हीच ठरवली. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजायची, तिला आम्ही जयंतीची नशा समजायचो. तो इजेचा इशारा होता. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. अमेरिकेतल्या निओश या संस्थेची मर्यादा अशी आहे : ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. आपली मिरवणूक किती तास चालते, ते आपल्याला माहीत आहे. आणि त्या भिंतीपुढे खांद्यावर बसलेली लहान लेकरे असतात.

यावर कार्यकर्ते काय म्हणतील ते आम्हांला ठाऊक आहे, कारण आम्हीही तेच म्हणत आलो. "बाकीच्यांचे डीजे चालतात, आमच्याच जयंतीला डेसिबल मोजायला येतात." हा आक्षेप अनेकदा खरा असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून सगळ्यांना सारखे आहेत, अंमलबजावणी सारखी नसते. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण पोलिसांनी पक्षपात केला म्हणून आपल्या पोराच्या कानातली पेशी जिवंत राहत नाही. समान वागणूक मागणे वेगळे आणि समान इजा मागणे वेगळे.

दुसरा आक्षेप आहे, "शतकानुशतके आमचा आवाज दाबला, आता तो मोठा होणारच." आवाज आपला असेल तर जरूर मोठा व्हावा. भीमगीते, शाहिरी, जलसे हा आपला आवाज आहे. त्यात शब्द आहेत आणि शब्द ऐकून माणसे चळवळीत आली. डीजेच्या भिंतीपुढे शब्दच ऐकू येत नाही. आण्णांना जे मागाने दिले, म्हणजे आवाज येतो आणि शब्द येत नाही, तेच आपण आपल्या पैशाने विकत घेतो आहोत.

आता हक्कांबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असेल तर व्यक्ती 'श्रवणदोष असलेली' आणि ७० असेल तर 'कर्णबधिर' ठरते. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के दिव्यांग आरक्षणात १ टक्का या गटाचा आहे. त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढावे लागते, आणि तिथे हाच ऑडिओग्राम आधार असतो. केंद्राच्या एडिप योजनेत पात्र व्यक्तीला श्रवणयंत्र मिळते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल तर "उशिरा बोलेल" म्हणून थांबू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिथे दिवस मोजून असतात.

आण्णांचा डावा कान ६१ वर निघाला, उजवा ५७ वर. कायद्याची रेषा ६० ची. कार्ड मिळाले नाही. ३१ वर्षे मागाने घेतली आणि तीन डेसिबल कमी पडले म्हणून आण्णा कायद्याच्या बाहेर राहिले. या रेषेबद्दल आणि असंघटित कामगारांच्या नोंदीबद्दल चळवळीने बोलले पाहिजे. हा विषय आरोग्याचा वाटतो, पण तो कामगार हक्काचा आहे.

यंत्र आम्ही घरच्या पैशांतून एका कानासाठी घेतले. या वेळी ऑडिओग्रामप्रमाणे आवाज बसवून घेतला आणि सवय व्हायला दोन महिने दिले. जादू झालेली नाही. गर्दीत आण्णांना अजून त्रास होतो. घरात आम्ही काही गोष्टी बदलल्या : समोर येऊन बोलतो, ओरडत नाही, चेहऱ्यावर उजेड ठेवतो, कळले नाही तर वाक्य बदलून सांगतो. "ऐकतच नाहीत" हे वाक्य घरातून गेले. विहारात आण्णांची जागा पहिल्या रांगेत उजवीकडे ठरली आहे. मागच्या रविवारी धम्मग्रंथ वाचणाऱ्या पोराला ते म्हणाले, "बाळा, जरा सावकाश वाच, शेवटचं अक्षर गिळू नको."

येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. एक, भिंत नको. भीमगीतांचा कार्यक्रम बसून ऐकता येईल असा ठेवायचा. दोन, वाचलेल्या वर्गणीतून वस्तीतल्या साठीपुढच्या कामगारांना आणि लहान मुलांना कानाच्या तपासणीला न्यायचे. ठराव पडू शकतो. आमची तरुण पोरे आमच्यावर चिडतील, काही जण आम्हांला विकले गेलेलेही म्हणतील. त्यांना आम्ही आमचा ऑडिओग्राम दाखवणार आहोत. तो घडी घालून खिशातच ठेवला आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.