धावपट्टीवरचा नाच

विमानतळाच्या धावपट्टीवर कुणी तुम्हाला खेळू देईल का? जर्मनीत, बर्लिन शहरात, देतात! तिथला टेंपेलहोफ विमानतळ २००८ साली बंद झाला आणि २०१० मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. आता शहराच्या भर वस्तीत तीनशे हेक्टरांचं मैदान आहे. १९४८ साली पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, तेव्हा पीठ नि कोळसा घेऊन विमानं इथेच उतरायची. पुढे २०१४ साली या जागेवर इमारती बांधायच्या का, असा सवाल आला. बर्लिनकरांनी मतदान करून चक्क ‘नको’ म्हणून सांगितलं. फार शहाणपणाचं काम केलं, असं मला वाटतं.

जूनमध्ये मी गेलो तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते आणि ऊन होतं. गवतात चंडोल पक्ष्यांची घरटी असतात, म्हणून तिथे दोऱ्या बांधलेल्या. धावपट्टीवर पतंग, सायकली, आणि लाँगबोर्डवर नाचणारी पोरं.

लाँगबोर्ड म्हणजे चार चाकांची लांब फळी, साधारण अडीच हात लांबीची. समुद्राच्या लाटांवर लांब फळी घेऊन स्वार होणारे लोक फळीच्या टोकापर्यंत पायांची अढी घालत चालत जातात. तीच चाल या पोरांनी जमिनीवर आणली. तिला म्हणतात ‘क्रॉस-स्टेप’. मागचा पाय उचलायचा, पुढच्या पायावरून पलीकडे टाकायचा, मग अडकलेला पाय सोडवून पुढे न्यायचा. घरी फरशीवर करून बघा, सोपं आहे. पण खालची फरशी पळायला लागली तर?

अकरा-बारा वर्षांची एक मुलगी तेच शिकत होती. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना आणि मनगटांना पट्टे. शिकवणाऱ्या ताईने आधी फळी गवतावर ठेवली. चाकं रुतली, फळी हलेना. तिथे मुलीने पन्नासेक वेळा पाय टाकला असेल, एकदाही चुकली नाही. मग धावपट्टीवर आल्या. आधी एक पाय जमिनीला घासून थांबायचं कसं, ते घोटून झालं. हे बरं केलं हं. थांबता येतं हे ठाऊक असलं की निम्मी धास्ती जाते.

आता खरी परीक्षा. फळी निघाली, मुलीने पाय उचलला आणि घाबरून अंग मागे टाकलं. झालं! फळी पुढे सटकली, मुलगी उतरून धावली. दुसऱ्यांदा तेच. भीती वाटली की आपण मागे झुकतो, आणि मागे झुकलं की फळी पळतेच. तिसऱ्यांदा पाऊल फळीच्या कडेवर पडलं. कडेला भार आला की चाकं त्या बाजूला वळतात, तशी फळी गवताकडे निघाली.

एस.टी.त उभं राहून प्रवास केलाय ना? गुडघे ताठ ठेवले तर प्रत्येक खड्ड्याला आपण शेजारच्या अंगावर. ढिले ठेवले तर पाय आपोआप सांभाळून घेतात. ताई तेच हातांनी दाखवत होती: गुडघे सैल, नजर लांब, पायांकडे बघायचं नाही. मग तिने आणखी एक युक्ती केली. दोघी वळल्या आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून निघाल्या. समोरून वारा असला की फळी फार पळत नाही! ताई शेजारून चालत होती. हात धरला नव्हता, नुसता पुढे केलेला.

मुलीने पाय उचलला. पलीकडे टाकला, अगदी मध्यावर. पायांची अढी पडली आणि ती क्षणभर तशीच थबकली. फळी मात्र चालतच होती. मग तिने अडकलेला पाय हळूच सोडवला, पुढे ठेवला.

ताई टाळ्या वाजवायला थांबली, तर मुलगी पुढे निघूनही गेली होती, दुसरं पाऊल टाकत.