आंजर्ल्याची होडी आणि वाघ्याचा डबा

वाचकहो, दसरा उलटला की कोकणातले ऊन बदलते. पावसाने धुतलेले आकाश स्वच्छ निळे असते, भाताची शेते पिवळी पडू लागलेली असतात आणि दुपारी अकरानंतर अंगाची काहिली होते. आपल्या जुन्या वैद्यकाने शरद ऋतूला वैद्यांची माता म्हटले आहे. या दिवसांत आजार वाढतात आणि वैद्याचे पोट भरते, असा त्यातला मिस्कील अर्थ. यंदा मी आंजर्ल्याला गेलो तो मात्र रुग्ण शोधायला नव्हे. एका मुलीने माझ्यावर एक अवघड काम सोपवले होते.

ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात वीस वर्षे येणारे एक दांपत्य निवृत्तीनंतर आंजर्ल्याच्या वडिलोपार्जित घरी राहायला गेले. काका मराठी शाळेत गणिताचे शिक्षक होते; आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. काकू त्र्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी तज्ज्ञांनी काकूंना स्मृतिभ्रंशाचे निदान केले. सोबतीला वाघ्या नावाचा अकरा वर्षांचा गावठी कुत्रा, एक मांजर आणि काकांच्या वडिलांची जुनी लाकडी होडी. त्यांच्या संमतीने हे लिहितो आहे. नावे तेवढी गाळली आहेत.

सप्टेंबरात दोन गोष्टी घडल्या. काकूंनी रक्तदाबाची गोळी सकाळी दोनदा घेतली आणि स्वयंपाकघरात त्यांना घेरी आली. त्याच आठवड्यात होडीखालून उठताना काकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते वाळूत बसकण मारून पडले. सुदैवाने हाड मोडले नाही. मुलीचा फोन आला, "डॉक्टरकाका, तुमचे ते ऐकतील. होडी विकायला सांगा, वाघ्याला शेजाऱ्यांकडे द्यायला सांगा आणि दोघांना ठाण्याला घेऊन या."

मला तिचे म्हणणे पटले होते. तेच सांगायचे ठरवून मी निघालो.

खाडीकाठचे घर

खेड स्थानकावर उतरून दापोलीमार्गे हर्णैला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचा मासळीचा लिलाव सुरू होता. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर रंगीत होड्यांची गर्दी आणि वाळूवर मांडलेले सुरमई, पापलेट, कोळंबीचे वाटे. पुढे जोग नदीची खाडी लागते. पूर्वी पलीकडे जायला होडीशिवाय इलाज नसे. आता पूल झाला आहे. डोंगरावर उजव्या सोंडेचा कड्यावरचा गणपती, खाली नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यापलीकडे लांबच लांब किनारा. थंडी सुरू झाली की याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात.

काकांचे घर खाडीच्या बाजूला आहे. अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली, होडी पालथी घातलेली होती. काका तिच्याखाली, वाघ्या तिच्या सावलीत, आणि काकू ओटीवर बसून दोघांकडे बघत होत्या. मला पाहून त्या हसल्या. नाव आठवले नसावे, पण "चहा घ्याल ना?" हे आठवले होते.

होडीचे औषधपाणी

कोळ्यांच्या होड्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात जातात. मग काकांची होडी आश्विनापर्यंत अंगणात कशी? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच समजावले. ओले लाकूड तेल पीत नाही. पावसाळाभर दमट झालेल्या फणसाच्या फळ्या शरदाच्या उन्हात पुरत्या वाळाव्या लागतात. मग सांधे उघडे पडतात. जुना कापूस उकरून काढायचा, नवा ठासायचा, वरून राळ आणि तेलाचे मिश्रण भरायचे. तळाला काजूच्या टरफलांचे तेल द्यायचे, कारण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. त्याला किडा म्हणतात. वस्तुतः तो शिंपल्यांच्या कुळातला. त्याला हे तेल मानवत नाही.

"आणि तुमच्या कातडीलाही मानवत नाही," मी म्हणालो. काकांच्या मनगटांवर काळसर चट्टे आणि फोड होते. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. दोघांच्या तेलाने त्वचा भाजल्यासारखी होते. लांब बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि तेल उडाल्यास लगेच साबणाने धुणे, एवढे पथ्य मी घालून दिले. जुना रंग खरवडताना नाकातोंडावर मास्क हवा, हेही सांगितले. पूर्वी वर्गातली मुले त्यांच्यापुढे जशी मान डोलवत असतील, तशी त्यांनी मान डोलावली.

मग मी त्यांचा रक्तदाब मोजला. वाचकहो, ही तपासणी आपल्या घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाची व्हावी. पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा आणि उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक घसरला, तर अंधारी येण्याचे कारण बहुधा सापडते. काकांचा आकडा 28 ने घसरला. लघवी वाढवणारी गोळी, ऑक्टोबरचा घाम आणि लघवीला उठावे लागू नये म्हणून कमी प्यायलेले पाणी, अशी तीन कारणे एकत्र आली होती. अशा वेळी रक्तातले सोडियमही घसरू शकते आणि वृद्ध माणसात त्याचे पहिले लक्षण कित्येकदा गोंधळलेपण हे असते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. काकांच्या दापोलीच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललो, त्यांनी रक्ततपासणी करून मात्रा बदलली. होडीखालून उठताना आधी बसायचे, पन्नास अंक मोजायचे, मग काठाला धरून उभे राहायचे, हा नियम गणिताच्या शिक्षकांना विशेष आवडला.

वाघ्याचा डबा

काकूंचा दिवस वाघ्यावर चालतो. सकाळी उठल्यावर त्या आधी त्याला हाक मारतात. त्याचे पाणी बदलतात, कानांमागचे गोचीड शोधतात, अंगावरून कंगवा फिरवतात. ही कामे हात करतात. त्यांना आठवणीची फारशी गरज पडत नाही. स्मृतिभ्रंशात नवी माहिती आधी निसटते, अंगवळणी पडलेली कृती पुष्कळ काळ टिकते. म्हणून अशा रुग्णाच्या हातातले काम काढून घेण्याआधी दहादा विचार करावा.

पण एक अडचण झाली होती. वाघ्याला जेवू घातले, हे काकू विसरत आणि पुन्हा घालत. कधी तिसऱ्यांदाही. वाघ्याने कधी तक्रार केली नाही. तो फक्त लठ्ठ झाला आणि उतारवयात त्याचे मागचे पाय दुखू लागले. काकांनी काकूंना एका शब्दाने टोकले नाही. त्यांनी स्टीलचा एक डबा घेतला. रोज पहाटे त्यात वाघ्याचे दिवसाचे अन्न मोजून ठेवू लागले. "जेवला का वाघ्या?" असे काकूंनी विचारले की काका उत्तर देत नाहीत, डबा पुढे करतात. रिकामा असेल तर काकू स्वतःच म्हणतात, "जेवला वाटते." हार कुणाचीच होत नाही. चार महिन्यांत वाघ्या उतरला.

मी तो डबा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. मग विचारले, "काका, हेच काकूंच्या गोळ्यांना का केले नाही?"

काका क्षणभर गप्प झाले. "सुचले नाही," म्हणाले. "कुत्र्याचे सुचले, हिचे सुचले नाही."

त्याच दुपारी दापोलीहून वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणली. आठवड्याच्या गोळ्या रविवारी काका भरणार, मूळ पाकिटे कपाटात कुलपात. वाघ्याचा डबा आणि गोळ्यांची डबी एकाच फळीवर, शेजारी शेजारी.

प्राण्यांसोबत राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी इतर काही गोष्टीही आम्ही तपासल्या. वाघ्याची रेबीजची लस दरवर्षी होते. जंतांचे औषधही वेळेवर होते. पाळीव कुत्र्याचाही दात किंवा नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. काकांचे धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले, हे कुणालाच आठवेना. गंजलेल्या खिळ्यांत वावरणाऱ्या माणसाला ते हवेच. भातकापणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोचा धोका असतो. उंदरांच्या, कधी कुत्र्या-गुरांच्याही मूत्रातून जंतू चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शिरतात. म्हणून चिखलात गमबूट घालावेत. ताप, पोटऱ्यांत वेदना आणि लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर घरी थांबू नये. रात्री मांजर पायांत येऊन पडण्याचे प्रकार घडतात. त्यासाठी ओटीपासून न्हाणीपर्यंत मंद दिवे लावले.

पंचांगामागचा करार

हे सारे झाले, तरी मुलीचा निरोप माझ्या खिशात तसाच होता. तिसऱ्या संध्याकाळी, काकू आत असताना, मी तो सांगितला.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, होडी विकली तर सकाळी मी कशासाठी उठू, ते सांगा. आणि वाघ्या गेला तर हिला कोण उठवेल? उद्या ही माझे नाव विसरेल, हे मला ठाऊक आहे. पण त्याने डोके घासले की हिचा हात आपोआप पुढे येतो. तो हात मला अजून काही दिवस बघायचा आहे."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण मुलीची काळजीही खोटी नव्हती. ती दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर नोकरी करते आणि रात्री फोन वाजला की दचकते. दोघांपैकी एकाला चूक ठरवून निघून येणे मला शक्य नव्हते. मी काकांना म्हणालो, "आज राहा. पण कधी राहता येणार नाही, ते आजच ठरवू या. तो दिवस उगवल्यावर तुम्हाला ठरवता येणार नाही."

मुलीला फोन लावला. तिघांनी मिळून तीन खुणा ठरवल्या. काकू रात्री एकट्या घराबाहेर पडल्या, तर. काका पुन्हा पडले, तर. आणि काकूंना अंघोळ घालणे, उचलणे काकांच्या ताकदीबाहेर गेले, तर. तिन्हींपैकी एकही घडले की घर बंद करायचे, वाद घालायचा नाही. वाघ्या मात्र सोबत ठाण्याला येईल. हे मुलीने स्वतःहून म्हटले. तोवर होडीचे काम शेजारचा तरुण सोबत असेल तेव्हाच, उन्हाआधी दोन तास. पाण्यात एकट्याने जायचे नाही आणि जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय तर नाहीच. काकूंच्या कमरेच्या पिशवीत नाव, पत्ता, फोन लिहिलेले कार्ड. महिन्यातून चार दिवस मुलगी येईल आणि ते चार दिवस काकांनी विश्रांती घ्यायची, कारण काळजी घेणाऱ्यालाही रजा लागते.

काकांनी भिंतीवरचे पंचांग उतरवले आणि त्याच्या पाठीवर हे सारे सुवाच्य अक्षरांत लिहिले. खाली सही केली. मग काकूंना बोलावून त्यांनाही समजावले. त्यांनी किती समजून घेतले, सांगता येणार नाही. पण त्यांनीही सही केली आणि अक्षर थरथरले नाही.

वाचकहो, आपल्या घरातही असा एखादा निर्णय टांगलेला असेल. सुरक्षितता आणि जगण्याची गोडी यांतली निवड एकदाच, आणि भांडणात, करावी लागू नये. खुणा आधी ठरवा, लिहून ठेवा आणि ज्याच्याविषयी ठरवता आहात त्याला शेजारी बसवून ठरवा.

कोजागिरी

कोजागिरीच्या दुपारी, भरतीच्या वेळी, चार जणांनी होडी खाडीत लोटली. थोड्याच वेळात तळात बोटभर पाणी साचले. मी दचकलो. काका हसले. "पहिले दोन दिवस पाणी येतेच. लाकूड पाणी पिऊन फुगले की सांधे आपोआप मिटतात. तोवर उपसत राहायचे."

रात्री ओटीवर आटीव दूध प्यायलो. खाडीवर चांदणे होते. काठाला बांधलेली होडी हलत होती. वाघ्या काकूंच्या पायांशी झोपला होता. काकूंनी मध्येच विचारले, "जेवला का हो हा?"

काका उठले. आधी नीट बसले, पन्नास मोजले, मग काठ धरून उठले. फळीवरचा डबा आणून त्यांनी काकूंच्या हातात दिला.

"जेवला वाटते," काकू म्हणाल्या.