सत्त्याऐंशी पटींनी लहान गाव

मुलांनो, शाळेची सहल पुण्याला निघाली की शनिवारवाडा, सिंहगड, कात्रजचं प्राणिसंग्रहालय ही नावं ठरलेलीच असतात. आमच्या शाळेच्या सहलीत या वेळी एक निराळं ठिकाण घातलं होतं. कोथरूडला, कर्वे रस्त्याच्या जवळ, छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आपल्या छंदापायी ते उभारलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी उघडलं. बाहेरून पाहिलं तर आत एक अख्खं गाव आहे असं कुणाला वाटायचं नाही.

आत गेल्यावर मोठ्या टेबलासारख्या मांडणीवर ते गाव पसरलेलं दिसतं. रस्ते, पूल, घरं, दिव्यांचे खांब, सिग्नल. एका बाजूला सर्कशीचा तंबू, एकीकडे पोहण्याचा तलाव. आणि या सगळ्यातून वळसे घेत जाणारे रूळ. आधी वाफेच्या इंजिनाची गाडी निघते, मग झपझप जाणारी वेगवान गाडी. एक तर चक्क वरच्या रुळाला लोंबकळत जाते! थोड्या वेळानं खोलीतले दिवे मंद होतात आणि गावात रात्र पडते. खिडक्याखिडक्यांतून उजेड दिसू लागतो. आमची पंचेचाळीस पोरं, जी एस.टी.त गाणी म्हणून म्हणून घसा बसवून आली होती, ती त्या क्षणाला एकदम गप्प झाली. मास्तरकी करणाऱ्याला असा क्षण वर्षातून एकदा मिळाला तरी पुष्कळ.

ही खेळणी नव्हेत बरं का. खेळण्यातली आगगाडी आणि ‘मॉडेल’ यांच्यात मोठा फरक आहे. खेळण्यातल्या गाडीचं इंजिन बुटकं, चाकं जाडजूड, माणूस डब्यापेक्षा मोठा, असं काहीही चालतं. मॉडेलमध्ये सगळं एकाच मापानं लहान करायचं. डबा जेवढ्या पटीनं लहान, तेवढ्याच पटीनं दाराची कडी लहान. जगात सर्वांत जास्त चालणारं माप आहे एकास सत्त्याऐंशी, म्हणजे खऱ्या वस्तूतल्या ८७ सेंटिमीटरचा इथं १ सेंटिमीटर. याला ‘एच-ओ’ म्हणतात. नाव विचित्र आहे, पण त्याला कारण आहे. जर्मनीतल्या मेर्क्लिन या खेळण्यांच्या कंपनीनं १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांवरची गाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. पुढं एक नंबरापेक्षा लहान माप आलं, त्याला शून्य म्हटलं. त्याच्याही निम्मं माप आलं, ते ‘हाफ झीरो’. त्याचंच झालं एच-ओ.

आता पाटी-पेन्सिल घ्या. आपली ब्रॉडगेज गाडी जिच्यावर धावते त्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. याला ८७ नं भागा. उत्तर येतं १९ मिलिमीटरच्या थोडं वर. पण बाजारात मिळणारे एच-ओचे रूळ असतात साडेसोळा मिलिमीटरचे. असं का? कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले आहेत. (भागून पाहा, बरोबर साडेसोळा येतात.) आपल्याकडच्या शौकिनांची इथंच पंचाईत होते. आपला डबा मापात केला तर रूळ अरुंद पडतात, रूळ मापात घ्यायचे तर ते हातानं घालावे लागतात. बरेच जण रुळांच्या बाबतीत तडजोड करतात. काही जण हट्टानं एकेक रूळ स्वतः घालतात. मला हट्टी मंडळी जास्त आवडतात, पण ते राहू द्या.

वजनाचं गणित तर आणखी गमतीचं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी कमी होतात, म्हणजे आकारमान ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे ६,५८,५०३ पटींनी कमी. शंभर टनाचं इंजिन या हिशेबानं उरतं फक्त दीडशे ग्रॅम! एवढं हलकं इंजिन चढावर घसरायला लागतं, म्हणून करणारे लोक त्याच्या पोटात शिशाचे तुकडे बसवतात. वेगाचंही तसंच. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी या छोट्या जगात सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर जायला हवी. मुलांच्या हातात बटण दिलं तर ती विमानासारखी सुटते, हा भाग वेगळा.

गाडीला वीज कुठून मिळते? रुळांतूनच. एक रूळ म्हणजे एक तार, दुसरा रूळ म्हणजे दुसरी तार. बारा व्होल्टच्या आसपासची वीज चाकांतून मोटारीत जाते. तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. म्हणून रूळ अंथरताना एक काळजी घ्यावी लागते. गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट तोंडानं येईल असा रूळ टाकला, तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं. तिथं रूळ कापून मध्ये फट ठेवावी लागते. हल्ली प्रत्येक इंजिनात एक चिप बसवतात आणि तिला स्वतःचा क्रमांक देतात. मग एकाच रुळावरच्या दोन इंजिनांना वेगवेगळे हुकूम देता येतात. तुमच्या हजेरीसारखंच की! ज्याचा क्रमांक पुकारला त्यानंच ‘हजर’ म्हणायचं.

जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात २००१ साली दोन जुळ्या भावांनी असंच एक जग उघडलं. आज ते अशा प्रकारच्या मांडण्यांत जगातलं सर्वांत मोठं मानलं जातं. तिथं अडीच लाखांहून जास्त चिमुकली माणसं आहेत आणि २०११ पासून विमानं उडतात असा विमानतळसुद्धा आहे.

पण या छंदाचा खरा जीव मोठेपणात नाही, बारकाव्यात आहे. दुकानातून आणलेली कोरी वाघीण चकचकीत असते आणि म्हणूनच ती खोटी दिसते. खरी मालगाडी कधी चकचकीत पाहिलीय का? मग शौकीन माणूस तिला मुद्दाम ‘म्हातारी’ करायला बसतो. तपकिरी खडूची पूड ब्रशनं कडांना लावायची, की झाला गंज. छपरावर काळी पूड, तो धूर. पातळ रंगाचे ओघळ सोडायचे, ते पावसाचं पाणी. रुळांखालची खडी म्हणजे चाळणीतून गाळलेली बारीक वाळू. ती पसरायची, तिच्यावर पाण्यात पातळ केलेलं फेव्हिकॉल थेंबाथेंबानं सोडायचं. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर पाणी वाळूवर मण्यांसारखं तरंगत राहतं. झाडं वाळक्या काटक्यांची, गवत रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचं. एकेका वाघिणीवर असे महिने जातात. आणि हे करण्याआधी माणूस खऱ्या यार्डाच्या कुंपणाशी उभा राहून गंज कुठं कुठं चढतो ते टक लावून बघतो. ज्याला बघता येत नाही त्याला हे करता यायचं नाही.

कार्यक्रम संपला. मुलं बाहेर आली. आमच्या चौथीतल्या एका मुलानं माझी ओढणी धरून विचारलं, “बाई, ह्यात आपली गाडी कुठं हाय?”

मला वाटलं, तो मुंबईची लोकल म्हणतोय. तर नाही. “आपली बार्शी लाईट,” तो म्हणाला. “आजोबा सांगत्यात ती.”

या मुलाचे आजोबा बार्शी लाईटवर गँगमन होते. मुलानं ती गाडी पाहिलेली नाही. पाहणार कशी? त्याच्या जन्माआधीच ती गेली. मी मात्र लहानपणी तिच्यातून गेले आहे. आषाढीच्या दिवसांत डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. वारकरी टपावर बसलेले, आणि गाडी इतकी निवांत की टाळांचा ठेका आणि चाकांचा ठेका जुळून यायचा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाव अशी ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरची वाट झाली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत टप्प्याटप्प्यानं ती सगळी ब्रॉडगेज झाली. आता लांब पल्ल्याच्या गाड्या बार्शीला थांबतात, ते चांगलंच झालं. लातूरकरांना आणि आम्हांला मुंबई जवळ आली. पण जुनी गाडी डोळ्यांसमोरून पुसली गेली, तेही खरंच.

ती बांधणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आधी तो जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होता. अरुंद रुळांवरही मोठे, जड माल नेणारे डबे चालवता येतात, फक्त प्रत्येक आसावर येणारा भार सारखा ठेवला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. बार्शीला त्यानं ते करून दाखवलं. (पुढं याच माणसानं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं!) बार्शीचा अनुभव घेऊन तो इंग्लंडला गेला आणि तिथं स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात त्यानं तशीच अडीच फुटी गाडी बांधली. तिचं नाव लीक अँड मॅनिफोल्ड. १९०४ मध्ये सुरू झाली, तेरा-चौदा किलोमीटर धावली, दुधाचे कॅन वाहिले आणि १९३४ मध्ये बंद पडली. जेमतेम तीस वर्षं. रूळ उखडले, इंजिनं भंगारात गेली, वाटेवर आता लोक चालतात आणि सायकली फिरवतात.

आणि तरीही तिथले शौकीन लोक आजही तिची मॉडेलं करतात. तिचे पिवळे डबे, इंजिनाचा तो भला मोठा दिवा, सगळं मापात. कारण तिचे नकाशे आणि फोटो कुणीकुणी जपून ठेवले. म्हणजे पाहा, बार्शीच्या धाकट्या बहिणीची ओळख परदेशात टेबलावर जिवंत आहे. आणि शंभर वर्षांहून जास्त धावलेली थोरली बहीण? तिच्याच गावातल्या चौथीच्या मुलाला ती फक्त आजोबांच्या तोंडून ठाऊक.

परतीच्या प्रवासात मी ७६२ ला ८७ नं भागून पाहिलं. ८.७६ आलं! बाजारात ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, ते ‘एन’ नावाच्या आणखी लहान गाड्यांसाठी. म्हणजे मोठ्या ब्रॉडगेजला मापाचा रूळ मिळत नाही, आणि आमच्या छोटीला जवळजवळ बेतून मिळतो. पण ते रूळ महाग. शाळेच्या खर्चात बसणारे नव्हेत. मग आम्ही वर्गात दुसरा हिशेब केला. रुळांमधलं अंतर सरळ २ सेंटिमीटर धरायचं. ७६२ भागिले २० म्हणजे ३८. आमचं माप एकास अडतीस. या मापात पाच फूट पाच इंचांचा माणूस सव्वाचार सेंटिमीटरचा होतो. खडूएवढा नाही, पण खडूच्या तुकड्याएवढा.

स्लीपरला आइस्क्रीमच्या काड्या, रुळांना पतंगाच्या कामट्या, डब्याला जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद. दारातल्या दांड्यांना उदबत्तीच्या काड्या. कटर फक्त माझ्या हातात. अडचण आली ती मापांची. डबाच नाही, तर मोजायचं काय? इथं जुना फोटो कामी आला. फोटो अगदी समोरून काढलेला हवा, एवढीच अट. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर हे तर पक्कं ठाऊक. समजा, फोटोत ते ३ सेंटिमीटर भरलं आणि दाराची उंची ६ सेंटिमीटर भरली, तर खरी उंची त्याच्या दुप्पट, १५२४ मिलिमीटर. त्रैराशिकाचा एवढा उपयोग मी पुस्तकातून कधी शिकवू शकले नव्हते.

डबा उभा राहिल्यावर गँगमन आजोबांना शाळेत बोलावलं. ते आले, खुर्चीवर न बसता फळ्याजवळच उभे राहिले. डबा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, उलटा करून खालून पाहिला. मग म्हणाले, “पायरी राहिली की बाई. माणसं पायरीवरच तर उभी असायची.” मुलांनी लगेच मोजमाप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी पायऱ्या लागल्या.

रंगाचं मात्र अडलं आहे. हाती आलेले फोटो काळे-पांढरे. आजोबा म्हणतात, डबे तांबडे होते. मला आठवतो तो वेगळाच रंग. एका मुलीची आजी तिसराच सांगते. कदाचित तिघंही वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत असू, कारण गाड्यांचे रंग अधूनमधून बदलतातच. म्हणून आमचा डबा अजून पत्रिकेच्या कागदाचाच पांढरा आहे, आतून एका बाजूला ‘शुभविवाह’ अशी अक्षरं दिसतात. लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज इथल्या मुलांनो, घरातल्या जुन्या अल्बममध्ये कुणाच्या लग्नाच्या, वारीच्या फोटोमागे ही गाडी उभी आहे का ते बघा. फोटो रंगीत असला तर मागं साल लिहिलेलं आहे का, तेही बघा.