दगडात धरलेला उजेड

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या टेकडीवर हार्डविक हॉल उभा आहे, आणि मावळतीचं ऊन त्याच्या दर्शनी काचांवर आलं की दगड मागे सरतो, भिंती विरघळतात आणि सबंध घर आतून पेटल्यासारखं झळाळून उठतं. तो दगडही टेकडीच्या कुशीतलाच. मध आणि राख यांच्या मधल्या कुठल्याशा रंगाचा वालुकाश्म. पावसात काळवंडणारा, उन्हं उतरली की कोमट दिसणारा. पण नजर त्याच्यावर ठरत नाही. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या चिमुकल्या तावदानांच्या त्या खिडक्या वर चढतात तशा उंच होत जातात: तळाशी नोकरचाकरांच्या ठेंगण्या, मध्ये घरच्यांच्या, आणि सर्वांत वर, राजेशाही पाहुण्यांसाठी राखलेल्या दालनांच्या, आभाळच आत ओढून घेणाऱ्या. आपल्याकडचा वाडा रस्त्याकडे पाठ करून उजेड चौकात उतरवून घेतो. हे घर चारी दिशांना टक्क जागं.

श्रूझबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजे सगळ्यांची बेस, हिने हे काम काढलं १५९० साली. चौथा नवरा त्याच वर्षी गेला होता. साठी उलटलेली, जिथे जन्मली तिथेच परतलेली ही बाई. शेजारी तिच्याच जुन्या घराचं काम अजून चालू होतं, तरी हाकेच्या अंतरावर तिने नवा पाया खणला. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा, काच स्वतःच्या भट्टीतली, आणि हिशेबाच्या वह्यांवर सही तिची. १५९७ मध्ये ती राहायला आली. सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर तिची आद्याक्षरं, ई आणि एस, दगडात कोरून उभी केलेली आहेत; त्यांच्या पोकळ्यांतून ढग सरकताना दिसतात. त्या काळात एका बाईने आपलं नाव इतक्या उंचावर लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वरच्या मजल्यावर सुमारे पन्नास मीटर लांबीचं दालन आहे. एका बाजूला खिडक्या, समोरच्या भिंतीवर बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे तेरा विणलेले पट. १५७८ मध्ये ते सर क्रिस्टोफर हॅटनसाठी विणले गेले. तो वारल्यावर बेसने ते विकत घेतले. त्याची कुलचिन्हं तिने आपली चिन्हं रंगवून झाकली, त्याच्या हरिणींना शिंगं रंगवून आपल्या घराण्याची सांबरं करून टाकली, आणि या खटाटोपाचे पाच पौंड किमतीतून कापून घेतले.

पण लोकर-रेशमाला ऊन सोसत नाही. जुन्या पटांतला पिवळा रंग आधी उडतो, निळा मागे राहतो. म्हणून कधीकाळची हिरवीगार झाडं हळूहळू निळी होत जातात. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर पानाच्या एखाद्या कडेला हिरव्याची पुसट ओल अजून सापडते. १९५९ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि आता या खिडक्यांवर पडदे ओढलेले असतात. ज्या उजेडासाठी दगडावर दगड चढला, तोच इथे मोजूनमापून आत घ्यावा लागतो.

हे बरोबरच आहे. विरलेला धागा पुन्हा येत नाही, आणि तो जपणाऱ्या हातांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

तरी एक हट्ट जात नाही. एकदाच सगळे पडदे वर जावेत, सकाळच्या उन्हाने ते दालन या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून जावं, आणि बेसला हवं होतं तसं तिचं घर कुणीतरी पाहावं.